वासाच्या तीन वाट्या

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही, ते साचत जातात. आमच्या लॅबमध्ये चारचा चहा आला की कोणीतरी म्हणतं, "दीदी, वो फिनाईलवाला सुनाओ," आणि मी सुरू होते. नवीन जॉइन झालेल्या पोरापोरींना तर वाटतं की कोरोनाच्या दोन वर्षांत आम्ही नुसते हसतच होतो. तसं नव्हतं. पण हसण्यासारखंही बरंच घडलं, आणि चहाबरोबर सांगता येतं ते तेवढंच. एक किस्सा मात्र मी चहाच्या टेबलावर आजवर सांगितलेला नाही. तो पाटणकर नानांचा आहे आणि त्यात चूक माझी आहे. तो शेवटी सांगते, कारण आधीचे ऐकल्याशिवाय तो कळायचा नाही.

आमची लॅब रायपूरच्या बाहेर, बीरगांवच्या थोडी पुढे. काम म्हणाल तर तांदळाचा वास घेणं! ऐकणाऱ्याला हसू येतं, पण खरंच तेच काम. छत्तीसगडात जवाफूल, दुबराज असे सुगंधी तांदूळ भरपूर, आणि त्यांच्या नावावर साधा तांदूळ खपवणारेही भरपूर. मिलवाले नमुने पाठवतात. मशीन आहे आमच्याकडे, पण शेवटचा शब्द नाकाचा. नमुना झाकणाच्या काचेच्या वाटीत भिजवायचा, झाकण उचलायचं, वास घ्यायचा आणि शून्य ते तीनपैकी गुण द्यायचे. या कामाला पाच जणांचं पॅनल. त्यात मी, आमचे देवांगन भैया, आणखी दोघं, आणि आम्हा सगळ्यांच्या वर नाना.

नाना रायपुरातल्या जुन्या वस्तीतले, ब्राह्मणपाऱ्यातले. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात घराणं इकडे आलं ते इकडचंच झालं. वय त्रेसष्ट. रिटायर होऊन तीन वर्षं झालेली, पण दर एप्रिलमध्ये आमच्या लॅबप्रमुख मॅडम त्यांना एका वर्षाची मुदतवाढ द्यायच्या, निव्वळ नाकापायी. आम्हा चौघांचे गुण एकीकडे आणि नानांचे दुसरीकडे गेले तर मॅडम चौघांना पुन्हा वास घ्यायला लावायच्या. नानांची एक पद्धत होती. झाकण उचलायच्या आधी ते डोळे मिटून घेत. देवळात उभे असल्यासारखे! पोरं मागे नक्कल करायची. नाना म्हणायचे, "डोळा मधात बोलते. त्याले आधी चूप करा लागते."

घरी काकूंना दमा. जुना आणि जबर. नानांच्या शर्टाच्या खिशात पेन नसेल एक वेळ, पण काकूंचा जास्तीचा पंप असायचाच. काकू घरी, पंप ऑफिसात! मी एकदा विचारलं होतं की याचा इथे उपयोग काय. तर म्हणाले, "जवळ असला की बरं वाटते." रोज सकाळी काकूंना वाफ देऊनच ते निघत, म्हणून साडेनऊच्या आत कधी पोचत नसत.

*

सुरुवात झाली ती गेटवरच्या तापाच्या बंदुकीपासून. रायपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर राहू द्या. बीरगांवहून सायकलवर आलेल्या प्रत्येक माणसाला मशीन ताप दाखवायचं. मग आमच्या गार्डनं, मनहरणनं, आपल्या डोक्यानं उपाय काढला. तो माणसाला नळावर पाठवायचा, हात कोपरापर्यंत धुवायला लावायचा आणि मग मनगटावर मशीन धरायचा. सगळे पास.

एक दिवस मॅडमनी रजिस्टर चाळलं. डॉ. साहू मॅडम कमी बोलतात. एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "मनहरण, मशीन के हिसाब से ये आदमी कल सुबह मर चुका है. और शाम को इसने दो बोरे उतारे हैं."

त्याच दिवशी वासाची तपासणी सुरू झाली. या आजारात पुष्कळांना तापच येत नाही, पण वास एकाएकी जातो, असं मॅडमनी वाचलं होतं. आपल्याकडे एवढे नाकवाले आहेत तर नाकच तपासा म्हणाल्या. गेटजवळ टेबल लागलं. तीन डब्या ठेवल्या : लवंग, कॉफी, साबण. नऊच्या बॅचची तपासणी माझ्याकडे, साडेनऊच्या बॅचची देवांगन भैयांकडे.

*

साध्या माणसाचा वास तपासणं सोपं. वास घेणं हाच ज्याचा धंदा, त्याचा तपासणं महाकठीण. पहिल्याच दिवशी पॅनलमधल्या एकानं कॉफी हुंगून विचारलं की गुण तीनपैकी द्यायचे की दहापैकी. दुसऱ्यानं लवंग कुठल्या गावची ते सांगितलं. देवांगन भैयांची तपासणी मी घेतली. त्यांनी साबणाची डबी नाकाशी धरली, विचार केला, पुन्हा धरली. "दीदी, डेढ़ नंबर. और पीछे से हल्का फिनाईल."

मी म्हटलं, भैया, साबण आहे एवढंच सांगा. ते ऐकेनात. मग कळलं की सफाईवाल्या बाईंनी टेबल सकाळीच फिनाईलनं पुसलं होतं. भैया दिवसभर कॉलर ताठ करून फिरले.

दुसऱ्या टोकाला आमचा ड्रायव्हर. लवंगेची डबी हुंगून तो लाजला. कशाचा वास आहे, मी विचारलं. म्हणाला, "ससुराल का." त्याचे सासरे पानाच्या विड्याला लवंग टोचून द्यायचे म्हणे. मी रजिस्टरमध्ये 'ओळखलेला वास' या रकान्यात 'सासुरवाडी' लिहिलं. मॅडमनी पुढे मुकाट्यानं बरोबरची खूण केली.

*

मनहरण मात्र तीन वेळा नापास झाला. लवंग नाही, कॉफी नाही, साबण नाही. पहिल्यांदा आम्ही घाबरलो, त्याला घरी बसवलं, तपासणीला पाठवलं. निगेटिव्ह. आठवड्यानं पुन्हा तेच, पुन्हा निगेटिव्ह. तिसऱ्यांदा तो स्वतःच आपलं सामान आवरायला लागला, इतकी त्याला सवय झाली होती.

देवांगन भैयांनी त्याचा हात धरला आणि त्याचं बोट हुंगलं. इकडे गुडाखू म्हणून तंबाखू-गुळाची एक काळी पेस्ट असते. लोक सकाळी बोटानं दातांना घासतात आणि मग तासभर त्यांना जग तंबाखूचंच वाटतं. भैया म्हणाले, "दीदी, इसकी नाक में कुछ नहीं हुआ है. दरवाजे पे गुड़ाखू खड़ा है, किसी को अंदर नहीं आने दे रहा."

मनहरणनं "हव" म्हणत कबूल केलं. आणि त्या दिवसापासून गेटवर पाटी लागली : गुडाखू घासल्यावर एक तास थांबून मग वास घ्यावा. अशी पाटी लावणारी लॅब भारतात दुसरी नसेल!

*

मी लॅब बंद पाडली तो किस्सा सगळ्यांचा लाडका. मला तो सांगताना अजून कान गरम होतात.

एका सकाळी नऊच्या बॅचला सात जण लागोपाठ लवंगेला नापास झाले. सात! मी सगळ्यांना बाहेर मैदानात लांब लांब उभं केलं, मॅडमना फोन केला, फवारणीवाल्याला बोलावलं, दोघींना घरी फोन करून मुलांना आजीपासून लांब ठेवायला सांगायला लावलं. त्यातली एक रडायलाच लागली. साडेनऊला नाना स्कूटरवरून आले. उन्हात उभी असलेली माणसं पाहिली, टेबलाशी आले, डोळे मिटून लवंगेची डबी हुंगली.

"वर्षा, लोकाइचं नाक चांगलं हाय. लवंग मेली तुझी," म्हणाले. "तीन महिने झाले, रोज उघडून राहिली तू हिले. वास राहीन काय तिच्यात?"

मैदानातून जे हसू उठलं ते मी विसरणार नाही. पुढचे कितीतरी महिने मला सगळे 'लवंग दीदी' म्हणायचे. मीही हसायचे. पण आत काहीतरी भित्रं बसलं. आपण ओरडलो की लोकांचे जीव टांगणीला लागतात आणि शेवटी चूक आपल्याच डबीची निघते, हे माझ्या मनानं घट्ट धरलं. पुढे ते मला फार महागात पडलं. मला म्हणजे खरं तर मला नाहीच.

*

लवंग मेल्यावर नानांनीच सुचवलं, आपल्या घरचाच वास ठेव. मग गेटवर तीन वाट्या आल्या : एकीत जवाफूल, एकीत दुबराज, एकीत बिनवासाचा जाडा तांदूळ, तिन्ही कोमट पाण्यात भिजवलेले. रोज जागा बदलायची आणि कुठली वाटी कसली ते येणाऱ्यानं सांगायचं. आमच्या माणसांना हे फार आवडलं. सकाळी सकाळी परीक्षा आणि सगळे पहिल्या नंबरात.

इतके पहिल्या नंबरात की देवांगन भैयांना शंका आली. एक दिवस त्यांच्या बॅचमधल्या एकानं तिन्ही वाट्या बरोबर ओळखल्या, शाबासकी घेतली आणि आत गेला. तो गेल्यावर भैयांच्या लक्षात आलं की त्यानं मास्क खाली केलाच नव्हता. दुहेरी मास्क लावून तिन्ही बरोबर!

त्यात नवल नव्हतं. जवाफूलचा दाणा बारीक आणि बुटका, दुबराजचा त्याहून लांब, जाडा तर जाडाच. आयुष्यभर तांदूळ पाहणाऱ्याला नाकाची गरजच काय? पॅनलच्या खोलीत आम्ही म्हणून तर काळ्या काचेच्या वाट्या वापरतो. गेटवर त्याचा कोणाला विचारच आला नव्हता. भैया दुसऱ्या दिवसापासून आपल्या बॅचचे तांदूळ मिक्सरवर भरडून ठेवायला लागले. मलाही म्हणाले, "दीदी, साबुत दाना मत रखो. अपने लोग आँख से सूँघते हैं."

मी भरडले नाहीत. एक तर रोज मिक्सर लावायचा कंटाळा. दुसरं म्हणजे मला वाटलं, आपलीच माणसं आहेत, त्यांच्यावर असा पहारा कशाला? माझ्या नऊच्या बॅचला अख्खा दाणाच राहिला. ही गोष्ट लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होती.

*

आता नानांनी मला पकडलं तो किस्सा. हाही चहाला मी सांगते, पण अर्धाच.

पहिली लाट जोरात होती. माझी तपासणी कोणी घेत नसे, कारण वाट्या मीच भरायचे. कुठल्या वाटीत काय हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्या दिवशी मी पँट्रीत बसून रिपोर्ट तपासत होते आणि हातभर अंतरावर शेगडीवर दूध होतं. दारातून नानांचा आवाज आला, "वर्षा, दूध लागलं."

मी पाहिलं तर पातेल्यातून धूर येत होता. मी म्हटलं, लक्ष नव्हतं नाना. नाना आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "लक्ष डोळ्याले लागते. नाकाले नाही लागत." मग कुठून तरी हिंगाची डबी आणली, टेबलावर सरकवली आणि डोळे मिटायला सांगितलं. मी डोळे मिटून वास घेतला. काहीच नाही. कोऱ्या कागदाचा वास घ्यावा तसं.

मी रडायला लागले. माझं पॅनल, माझं काम, माझं नाक, असं काय काय बोलत सुटले. घरी सासूबाई आहेत हे मला आठवलंसुद्धा नव्हतं. ते नानांनी आठवून दिलं. म्हणाले, "घरी जाय आत्ताच, अन् एका खोलीत बस. नाक गेलं तं वापस येईन. सासू गेली तं नाही येणार."

मी पॉझिटिव्ह निघाले. सतरा दिवस एका खोलीत होते. सासूबाईंना काही झालं नाही, त्या आजही रोज सकाळी माझ्याशी भांडतात. नाक पाच आठवड्यांनी आलं, पहिल्यांदा आला तो ओल्या फडक्याचा वास, आणि मी ते फडकं हातात घेऊन घरभर नाचले. या सगळ्या काळात पॅनलच्या खोलीतल्या माझ्या खुर्चीवर नानांनी कोणाला बसू दिलं नाही. मिलचा एक मॅनेजर चुकून बसला तर त्याला उठवलं.

चहाला मी किस्सा फडक्यापाशी संपवते. सगळे हसतात.

*

दुसरी लाट आली तो एप्रिल. ज्यांनी रायपुरात काढला त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. मॅडमनी नियम केला होता की ज्याचं नाक जाईल तो पॅनलमधून बाहेर आणि परत यायचं तर पुन्हा परीक्षा द्यायची. नानांच्या मुदतवाढीचा कागद टाइप होऊन मॅडमच्या टेबलावर पडला होता. सही व्हायची होती.

आणि नाना नऊला यायला लागले.

मला बरं वाटलं! इतकी वर्षं साडेनऊच्या आत न आलेला माणूस नऊच्या ठोक्याला टेबलाशी उभा. काकूंच्या वाफेचं काय, मी विचारलं. लवकर उठून राहिलो, म्हणाले. त्यांनी मास्क खाली केला, वाटीवर वाकले, क्रमानं सांगितलं : जवाफूल, जाडा, दुबराज. बरोबर. मी खूण केली आणि नाना आत गेले.

तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. नानांनी डोळे मिटले नव्हते.

चौथ्या दिवशी मी नीट पाहिलं. ते झाकण उचलत, दाण्याकडे बघत, मग वाकत. आणि वाकल्यावर छाती हलत नव्हती. जो माणूस वास घेतो त्याची छाती भरते, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मला ते शिकवलं होतं नानांनीच. पॅनलच्या खोलीत ते त्या आठवड्यात शेवटी वास घेत होते, आम्हा चौघांचे गुण कागदावर चढल्यावर, आणि त्यांचे गुण आमच्या गुणांच्या अगदी मधोमध पडत होते. कोणाला पुन्हा वास घ्यायला लागत नव्हता. मॅडम खूश होत्या की पॅनलचं हल्ली फार जुळतं.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. काकू मला अधूनमधून करायच्या. हसत होत्या. "काय वो वर्षा, आमच्या यांना काय झालं हाय तिकडे? चार दिवसांपासून भाजीले नाव नाही ठेवलं यांनी. काल तं आमटी करपली माझी. मले वाटलं आता ऐकवतीन. तं सगळी जेवले, काही बोललेच नाही. काहून इतके गरीब झाले?"

त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि मीही हसले. म्हटलं, काकू, तुमच्या हाताला आता चव आली असेल. असं मी म्हटलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं, तेवढं सोडून मी बाकी सगळं बोलले. फोन ठेवला. वाटलं, पुन्हा लावावा. पण नानांच्या घरी, काकूंना, मी सांगायचं की तुमच्या माणसाचं नाक गेलंय? आणि चूक निघाली तर? पुन्हा लवंग दीदी? सहीसाठी पडलेला तो कागदही डोळ्यांसमोर होताच.

मी ठरवलं की तोंडानं नको, वाटीनं बोलू. दुसऱ्या दिवशी घरूनच तिन्ही तांदूळ भरडून आणले. नऊला पाच मिनिटं असताना तीन वाट्या टेबलावर मांडल्या. नाना आले. त्यांनी पहिलं झाकण उचललं आणि आत पाहिलं. पीठच पीठ. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. देवांगन भैया गेटातून आत येत होते, मागे आणखी चौघं रांगेत होते.

मी म्हटलं, "अरे, या भैयांच्या वाट्या. चुकून मांडल्या." आणि खणातून अख्ख्या दाण्याच्या वाट्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या.

जवाफूल, दुबराज, जाडा. बरोबर. मी खूण केली.

पुढे पाच दिवस नाना नऊला आले आणि मी पाचही दिवस खूण केली. सहाव्या दिवशी आले नाहीत. दुपारी त्यांच्या मुलीचा, रश्मीचा फोन आला. रश्मीला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. "दीदी, मम्मी की साँस नहीं बैठ रही. कहीं बेड हो तो बताइए न." आम्ही सगळ्यांनी फोन लावले. मॅडमनी लावले, देवांगन भैया मोटरसायकल घेऊन फिरले, मनहरणनं बीरगांवात कुठून तरी एक सिलिंडर मिळवला. बेड दुसऱ्या दिवशी मिळाला. काकू चौथ्या दिवशी गेल्या. नानाही पॉझिटिव्ह होते, पण त्यांना नाकाशिवाय दुसरं काहीच झालं नव्हतं. तापसुद्धा नाही.

लोक म्हणतात, तेव्हा सगळीकडेच होतं, दूधवाल्याकडून आलं असेल, भाजीतून आलं असेल. मीही म्हणते. डॉक्टरही म्हणाले की कुठून आलं हे सांगता येत नाही. पण नानांनी मला एका मिनिटात घरी पाठवलं होतं, दारातूनच, माझ्या रडण्याची पर्वा न करता. आणि मी आठवडाभर त्यांचा मान राखत बसले. मला त्या मानाची आज लाज वाटते.

*

शेवटचा किस्सा. याला किस्सा म्हणावं का, मला माहीत नाही.

दिवाळीनंतर मी ब्राह्मणपाऱ्यात गेले. तोवर हिंमतच झाली नव्हती. मॅडमनी सही केलेला कागद नानांनी एका ओळीच्या चिठ्ठीसोबत परत पाठवला होता : नाक नाही, सबब काम नाही. रश्मीनं दार उघडलं. नाना समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, वाळले होते. शर्टाच्या खिशात पंप तसाच होता.

त्यांच्यासमोर स्टुलावर तीन डब्या होत्या. मी पाहत होते म्हणून रश्मीनं हळूच सांगितलं, "डॉक्टर ने बोला है, रोज सुबह-शाम सूँघो, शायद लौट आए. एक में लौंग है, एक में कपूर. तीसरा मम्मी का पाउडर है." मग आणखी हळू म्हणाली, "अभी तक कुछ नहीं आता."

नाना आमच्याकडे बघत नव्हते. त्यांनी लवंग हुंगली, ठेवली. कापूर हुंगला, ठेवला. मग पावडरचा डबा उचलला, झाकण काढायच्या आधी डोळे मिटले आणि छाती भरून वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा. डोळे उघडल्यावर झाकण नीट दाबून बसवलं.

रश्मी चहा ठेवायला आत गेली. मी सहा महिने जुळवलेलं सगळं विसरले आणि जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, "नाना, मले दिसलं होतं. चौथ्याच दिवशी. तुम्ही दाणा पाहून सांगून राहिले होते. मले सगळं दिसत होतं, अन् मी बोलली नाही."

नानांनी डबा मांडीवर ठेवला. त्यावरची पावडर बोटानं पुसली.

"तुले दिसलं, हे मले माहीत होतं, वर्षा," ते म्हणाले. "अन् तू बोलणार नाही, हेही. म्हणून तं मी नऊला येत होतो."